स्लॅबवरचं पाणी

घर बांधायला काढणाऱ्याला मी एक सांगते. मिस्त्रीशी भांडायचंच असेल तर संध्याकाळी भांडावं. सकाळी भांडलं की तो रुसून तंबाखू मळत बसतो, मजूर त्याच्या तोंडाकडे बघत बसतात, आणि सगळ्यांना चहा मात्र आपणच पाजायचा. हे शहाणपण मला चंद्रप्पा मिस्त्रीशी रोज सकाळी भांडून आलेलं आहे.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. रोज एखादी नवी कचेरी उघडायची, कपाटं-खुर्च्यांनी भरलेले ट्रक यायचे आणि त्यांच्यामागे आमच्यासारखी बदलीची माणसं. मी नांदेडहून आलेली कारकून, आणि आमचे शेषेराव शाळेत मास्तर. भाड्याची खोली बघायला गेलं की घरमालक आधी खोली दाखवायचा, मग आडनाव विचारायचा, आणि मग त्याला एकाएकी आठवायचं की ही खोली तर भाच्याला दिलेली आहे. एका गावात इतके भाचे राहत असतील असं मला वाटलं नव्हतं. शेवटी मिळाली ती खोली गोठ्याला लागून होती. तिथेच एका रात्री मी शेषेरावांना सांगितलं, आता दुसऱ्याच्या छपराखाली राहायचं नाही. स्वतःचं घर, आणि तेही स्लॅबचं.

आम्ही मुहूर्त बघत नाही. बघितला असता तरी इतका वाईट सापडला नसता. गावाबाहेरच्या नव्या वस्तीत प्लॉट घेतला, पाया खणला, आणि त्याच वर्षी पावसानं तोंड फिरवलं. पिण्याच्या पाण्याला टँकर आला की बायकांच्या रांगेत घागरींचीच मारामारी व्हायची. सगळे म्हणाले, यंदा राहू द्या. पण मला थांबवणाऱ्याला अजून जन्म घ्यायचा होता. बांधकामाला लागणारं पाणी मी जुन्या खदानीच्या खड्ड्यातून बैलगाडीवरच्या पिंपांनी आणायला लावलं. ते पिण्याजोगं नव्हतं, पण भिंती बिचाऱ्या चव घेत नाहीत.

भिंती उभ्या राहत होत्या तशी मी वेडीच होत चालले होते. कचेरीत फायलीवर सही करताना माझ्या डोळ्यांसमोर खिडक्या यायच्या. सुट्टी झाली की मी साडीचा पदर खोचून थेट प्लॉटवर. विटेवर बोट वाजवून बघ, वाळूत मूठ घालून माती किती आहे ते बघ. (वाळू ओली करून मुठीत दाबावी. हाताला गाळ लागला तर ट्रक परत पाठवावा, चालकानं कितीही शपथा घेतल्या तरी.) चंद्रप्पा निलंग्याकडचा, उंच, गळ्यात लिंगायतांच्या इष्टलिंगाचा करंडा, आणि जिभेला हाड नसलेला. मला बघितलं की तो मजुरांना म्हणायचा, "उठा रे, कलेक्टर आल्या."

दिवसभर राखणीला मी सासूबाईंना बसवलं होतं. सरजाबाई त्यांचं नाव, मी त्यांना आत्याबाई म्हणते. बिलोलीजवळच्या खेड्यातून त्या घर बघायला म्हणून आल्या आणि राहिल्या. बोलणं कमी, अंगात ताकद भरपूर. सिमेंटच्या थप्पीशेजारी गोधडी टाकून बसायच्या. त्यांचं स्वतःचं माळवदाचं घर शेषेराव लहान असताना एका श्रावणात बसलं होतं. माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर दाबून केलेलं छप्पर. सासरे त्याच पडझडीत गेले. शेषेरावांनी हे मला लग्नानंतर एका वाक्यात सांगितलं होतं, आणि त्यांच्या आवाजावरून मी दुसरं वाक्य विचारलं नव्हतं. तेव्हापासून आत्याबाई पत्र्याखालीच राहिल्या.

स्लॅबचा दिवस उजाडला तेव्हा मी रात्रभर जागीच होते. भाड्याचं मिक्सर यंत्र आलं. चंद्रप्पा म्हणाला, "बाई, नारळ तर फोडावाच लागतंय." मी म्हटलं, फोडा, तुमचा नारळ, आमची मेणबत्ती. शेषेरावांनी बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोपुढे मेणबत्ती लावून त्रिशरण म्हटलं, चंद्रप्पानं यंत्राच्या चाकावर नारळ आपटला, आणि जो घरघराट सुरू झाला तो दिवसभर थांबला नाही. खालपासून वरपर्यंत बायाबापड्यांची साखळी, घमेलं या हातातून त्या हातात, "चल गं, चल गं" चा ओरडा. मला राहवेना. मीही साखळीत घुसले. कोपरापर्यंत सिमेंटनं बरबटले, आणि इतकी खूश होते की कुणी त्या वेळी माझी गडचिरोलीला बदली केली असती तरी मी हसत सही केली असती.

स्लॅबच्या दिवशी मजुरांना गोडाचं जेवण घालायची रीत आहे. तिथे हात आखडू नये. पोटभर जेवलेला माणूस शेवटचं घमेलंसुद्धा दाबून टाकतो. चंद्रप्पाच्या हट्टाखातर मी हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर केली होती, गूळ सढळ हातानं. सगळे जेवले. शेजारची रत्नम्मा तेवढी जेवली नाही. ती आमच्याच भिंतीला लागून राहणाऱ्या दुकानदाराची बायको, स्वभावानं गोड, पण आमच्याकडे चहा विचारला की म्हणायची, "आज सोमवार की हो, उपास हाय." तिचा सोमवार आठवड्यातून चार वेळा यायचा.

दुसऱ्या दिवशी चंद्रप्पानं स्लॅबवर मातीचे छोटे बांध घातले, शेतातल्या वाफ्यांसारखे, आणि त्यात खदानीचं पाणी भरलं. मग मला वर बोलावून तो पहिल्यांदाच गंभीरपणे बोलला. "बाई, आता माजं काम संपलं, पान्याचं काम सुरू झालं. खालच्या बल्ल्या-फळ्यांचं सेंटरिंग खोलूस्तोर हिच्यावर पानी थांबाया पायजे. पयले आठ-दहा दिस तर लईच. वाळली तर गेली. मग माज्या नावानं बोंबलायचं न्हाई."

मी वाकून पाण्यात बघितलं. त्यात आभाळ होतं आणि माझं तोंड होतं. माझ्या छपरावर. मला रडूच आलं.

संध्याकाळी कचेरीतून येऊन शिडी चढले तर स्लॅब कोरडी ठणठणीत.

पहिल्या दिवशी वाटलं, ऊन आहे, स्लॅब तहानलेली आहे, प्यायली असेल. सकाळी पुन्हा भरून घेतलं. संध्याकाळी पुन्हा कोरडी, आणि पन्हाळीच्या नळाजवळचा बांध फुटलेला. तिसऱ्या दिवशीही तेच. गाडीवाला म्हणू लागला, खदानीचा तळ दिसायला लागलाय, अजून किती दिवस ओतता? मी पोटाला चिमटा काढून पिंपं वाढवली. मग एका संध्याकाळी वर गेले तर मधल्या खोलीच्या बरोबर वर एक भेग. केसाएवढीच, पण लांबलचक. माझ्या काळजातून गेल्यासारखी वाटली.

सकाळी चंद्रप्पा आल्याबरोबर मी तोंड सोडलं. "तुमच्या बांधांना दम नाही! पाणी राहत नाही म्हणजे काय? का कुणाला विकून राहिले तुम्ही?"

चंद्रप्पाची मान ताठ झाली. "बाई, चोर म्हनता का मला? मी घातलेला बांध आपोआप फुटत न्हाई. राखनीला तुमचीच म्हातारी हाय. तिला इचारा."

"माझ्या सासूचं नाव घ्यायचं काम नाही!"

"मग माजं तरी कामून घेता?" त्यानं थापी उचलली, ओळंबा खिशात घातला आणि चालू लागला. जाताना मागे वळून एवढंच म्हणाला, "भेगीत शिमिटाचं पानी सोडा. आनि वर पानी ठिवा. भांडन नंतर करू."

आत्याबाई गोधडीवर बसून हे सगळं ऐकत होत्या.  मी त्यांनाच म्हटलं, "बघा, कसा उलटा बोलतो. तुमच्यावर आळ घेतो." त्यांनी पदर डोक्यावरून पुढे ओढला.

कचेरीत माझं लक्ष लागेना. दुपारी अर्धी रजा टाकली आणि तरातरा निघाले. वस्तीच्या वळणावरूनच मला दिसलं. आमच्या पन्हाळीच्या नळातून पाण्याची धार पडत होती, आणि खाली चार बायका घागरी घेऊन ओळीनं उभ्या होत्या. सगळ्यांत पुढे रत्नम्मा.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "रत्नम्मा! माझ्या तांब्यातलं पाणी तुम्हाला चालत नाही, छपरावरचं चालतं होय?"

रत्नम्माच्या हातातली घागर कलंडली. "अय्यो, आक्का, भांड्याला न् म्हशीला नेतो आम्ही. अव्वाच म्हनल्या न्या म्हनून. वाया चाललंय म्हनल्या. आम्हाला वाटलं, तुमीच सांगिटला असाल."

अव्वा म्हणजे आई, म्हातारी. मी वर बघितलं. कोरड्या होत चाललेल्या स्लॅबच्या कडेला आत्याबाई उभ्या होत्या. लुगड्याचा काष्टा वर खोचलेला, हातात खराटा.

मी शिडी कशी चढले ते मला आठवत नाही. वर गेले आणि ओरडायला तोंड उघडलं, पण त्या थांबल्याच नव्हत्या. खराट्यानं वाफ्यातलं उरलेलं पाणी त्या नळाकडे लोटत होत्या. जोरजोरात, दम लागेपर्यंत. कोपऱ्यात राहिलेलं डबकं त्यांनी गुडघ्यावर बसून हातानं उपसलं. हे नासधूस करणाऱ्या माणसाचं काम नव्हतं. आग विझवताना माणूस असा दिसतो.

"आत्याबाई, अहो काय करून राहिले तुम्ही? सगळं घर जाईल माझं!"

"घर वाचवून राहिले मी," त्या म्हणाल्या. "छपरावर पानी थांबू देत न्हाईत. तुला कुनी शिकवलं न्हाई, तुजा दोष न्हाई."

मी त्यांच्या हातातला खराटा घेतला. त्यांनी तो घेऊ दिला आणि तिथेच ओल्या स्लॅबवर बसल्या. मग त्यांनी ते सांगितलं, जे शेषेरावांनाही ठाऊक नव्हतं. त्या श्रावणात झड लागली होती. सासरे तापानं फणफणलेले, मधल्या खोलीत बाजेवर. पावसात दर दोन-तीन तासांनी डोक्यावर पोतं घेऊन वर जायचं आणि माळवदावरचं पाणी लोटायचं, हे बाईचं काम. संध्याकाळी त्या वर गेल्या तर पन्हाळीत कुडाचा पाला अडकलेला, पाणी घोट्याएवढं तुंबलेलं.

"अंगात तरान न्हवतं. लेकरू कडंवर रडत व्हतं. म्हनलं, सकाळी काढू." आत्याबाई माझ्याकडे बघत नव्हत्या. "सकाळ झाली न्हाई त्याला."

खाली घागरींचा आवाज थांबला होता. मला त्यांचा राग आला होता आणि दयाही आली, दोन्ही एकदम. एवढी वर्षं मी त्यांना अबोल म्हणत होते. त्या रोज सकाळी माझं छप्पर तुंबताना बघत होत्या आणि रोज दुपारी ते मोकळं करत होत्या, आणि भांडण नको म्हणून गप्प बसत होत्या.

संध्याकाळी मी स्वतः चंद्रप्पाच्या घरी गेले. (बघा, संध्याकाळी.) दारातच म्हटलं, "चुकले. चला." तो नाक फुगवून बसला होता, पण सगळं ऐकलं आणि मुकाट चपला घातल्या. आल्यावर त्यानं आत्याबाईंसमोर उकिडवं बसून समजावलं. "अव्वा, माती पान्यानं इरघळते. शिमिटाचं उलट हाय. ते जितकं पानी पितंय तितकं दगड होतंय."

"दगड तर मग जास्तच जड," आत्याबाई म्हणाल्या. "मातीखालून मानूस उकरून काढता तरी येतंय."

 चंद्रप्पा उठला, वर जाऊन भेग दोनदा सिमेंटच्या पाण्यानं भरली, हातोडीच्या दांड्यानं ठोकून कान लावला. "धरेल का?" मी विचारलं. तो म्हणाला, "वाटतंय धरंल. पन पयले दिस वाळली हाय, बाई. खोलल्याबिगर मी बी सांगू शकत न्हाई. खोलताना खाली मी उभा ऱ्हाईन. आमच्यात मिस्त्रीच उभा ऱ्हातंय."

आता पाणी आणायचं कुठून हा प्रश्न. खदान आटत आली होती, गाडीवाल्यानं हात वर केले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी प्लॉटवर गेले, तर रत्नम्मा घागर डोक्यावर घेऊन वर चढत होती. मागे त्या तिघी. भाज्या धुतलेलं, तांदूळ धुतलेलं, टँकरच्या पिंपाचा तळ, जे असेल ते. "नेलेलं पानी आमीच भरनार, आक्का," ती वरूनच म्हणाली. मी त्यांना एकच बजावलं, साबणाचं नको. चंद्रप्पानं स्लॅबभर पोती अंथरून दिली, म्हणजे थोडक्या पाण्यातही ओल धरून राहील. असे दिवस गेले. रोज संध्याकाळी मी वर जाऊन पोत्यावर हात ठेवायची आणि ते ओलं लागलं की लहान पोरीसारखी टुणकन उडी मारायची. आत्याबाई मात्र घराकडे फिरकल्याच नाहीत. भाड्याच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसायच्या. शेषेराव त्यांच्याशेजारी जाऊन बसायचे. दोघं काय बोलत ते मी विचारलं नाही.

सेंटरिंग खोलायचा दिवस आला. मी सकाळपासून घरातून बाहेर, बाहेरून घरात.  मधल्या खोलीत बल्ल्यांचं रान, वर फळ्या, त्यावर ती स्लॅब, आणि तिच्या पोटात कुठेतरी ती भेग. शेषेराव दारात उभे होते, चेहरा कागदासारखा. रत्नम्मा आणि बायका ओसरीपाशी. मजुरांनी घण उचलले. चंद्रप्पानं टोपी काढली, करंड्याला हात लावला आणि खोलीच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

तेवढ्यात बायका बाजूला झाल्या. आत्याबाई आल्या. काखेत ती गोधडी. कुणाकडे न बघता बल्ल्यांतून वाट काढत त्या मधल्या खोलीत गेल्या, चंद्रप्पाच्या पायापाशी गोधडी पसरली आणि तिच्यावर बसल्या.

"अव्वा, हे काय? उठा!"

"तू लेकराबाळाचा मानूस. तू सर."

"माय!" शेषेराव पुढे झाले. त्यांना आत्याबाईंनी नुसता हात केला, आणि ते जागच्या जागी थांबले. मग आत्याबाईंनी मला हाक मारली.

"पंचशीला, वर पानी हाय का?"

मी शिडीवर धावले. बायकांनी पहाटेच घागरी रिकाम्या केल्या होत्या. पोती चिंब भिजलेली, वाफ्यांत पाणी थरथरत होतं.

"आहे!" मी वरून ओरडले.

"भरून हाय?"

"काठोकाठ!"

"मग काढा," आत्याबाई म्हणाल्या.

चंद्रप्पा हलला नाही. तोही तिथेच त्यांच्याशेजारी उभा राहिला. पहिला घण बसला. बल्ली निसटून आदळली, धूळ उडाली. दुसरी. तिसरी. मी शिडी उतरले. मी सरळ आत गेले आणि आत्याबाईंच्या दुसऱ्या बाजूला बसले. माझ्यामागून शेषेराव आले. बल्ल्या पडत होत्या, फळ्या सुटत होत्या, आणि दर वेळी आम्ही सगळे वर बघत होतो. मग शेवटची बल्ली गेली. आवाज थांबला. वर करडी, सपाट, एकसंध स्लॅब होती आणि तिला कशाचाही टेकू नव्हता. एक थेंबसुद्धा पडला नाही.

चंद्रप्पा लहान मुलासारखा हसत सुटला. मजुरांनी घण आपटून कल्ला केला. रत्नम्मानं आत येऊन चक्क माझ्या गळ्यात हात टाकला आणि म्हणाली, "आक्का, चहा टाका, मी पिनार." मी म्हटलं, अहो, आज तर खराच सोमवार आहे. ती म्हणाली, असू द्या.

आत्याबाई अजून वरच बघत होत्या.  मग त्यांनी मागे हात टेकले, हळूच गोधडीवर आडव्या झाल्या आणि पाय लांब केले.

"जरा पडते," त्या म्हणाल्या. "वरच्या पान्यावर ध्यान ठिवा."

आणि एवढ्या गलक्यात, बल्ल्या-फळ्यांच्या मधोमध, त्या झोपल्यासुद्धा. मी चुलीवर चहाचं आधण ठेवलं तेव्हा त्यांचं घोरणं बाहेरपर्यंत ऐकू येत होतं.